घराला पुरेल एवढं पिस्तूल

शुक्रवार, १० ऑक्टोबर

डॉयलला मागच्या शनिवारी पुरलं. तो विधी चालू असताना आमच्या घरी चोरी झाली, त्यामुळे या आठवड्यात लोक माझ्याशी माझ्या नवऱ्यापेक्षा चोरीबद्दलच जास्त बोलले. मला ते बरं पडलं. चोरीबद्दल काहीतरी बोलता येतं.

संध्याकाळी मी मोठ्याने वाचायची आणि डॉयल ऐकायचा. निदान डोळे मिटून ऐकल्यासारखं करायचा. शाळा मी आठवीत सोडली. पुढचं सगळं वाचनालयाच्या गाडीतून घेतलेल्या पुस्तकांतून शिकले. आता मोठ्याने वाचलं की घर जास्तच रिकामं वाटतं. म्हणून लिहून पाहते आहे.

चोरीत फक्त बंदुका गेल्या. पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात चार होत्या. हरणांच्या शिकारीच्या दोन, छऱ्याची एक, आणि डॉयलच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर. पिठाच्या डब्यातले पैसे तसेच. टीव्ही तसाच. कपाटाची काच फुटलेली नाही, कुलूप परत लावलेलं, किल्ली दाराच्या चौकटीवर जागच्या जागी. असा नीटनेटका चोर मी कुठल्या पुस्तकातही वाचलेला नाही.

मयताच्या दिवशी आमच्याकडे घर मोकळं सोडत नाहीत. पेपरात बातमी येते, विधीची वेळ येते, चोरांना आणखी काय हवं? कोणीतरी मागे बसतं. डॉयलची बहीण नोला हिने आपल्या नवऱ्याला बसवलं. "लॉयडच्या गुडघ्यांना टेकडीवरची दफनभूमी झेपायची नाही," म्हणाली. लॉयड म्हणतो, मागच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर त्याचा डोळा लागला. चार बंदुका उचलून माणूस पुढच्या दाराने गेला आणि हा मागे घोरत होता. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. बघू नयेच त्याने.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

शेरीफच्या ऑफिसातून डेप्युटी बॅरेट आला. तरुण आहे, पण वागायला नीट. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. कॉफी घेतली. मला विचारलं, जेवता का? झोप लागते का? मुलगी रोज फोन करते का?

मी म्हटलं, "बॅरेट, चोराचं काहीतरी विचार ना."

"हो हो, तेही विचारतोच," म्हणाला आणि कॉफीकडे बघत राहिला. बंदुकांचे नंबरसुद्धा मीच आत जाऊन काढून दिले, तेव्हा त्याने लिहून घेतले. नोला त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि तिथे दोघं बराच वेळ बोलत उभी होती. तपास असा चालतो तर या जिल्ह्यात चोर का माजू नयेत.

बंदुकांवरून सासूबाई आठवल्या. सासरे गेले त्याच हिवाळ्यात त्याही गेल्या, मांस धुरवायच्या कोठडीत, सासऱ्यांच्याच बंदुकीने. सगळ्यात आधी नोलाने पाहिलं. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. या घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही, आणि मी तरी आज का लिहिलं कळत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

डॉयलची दोन्ही शिकारी कुत्री आज दिली. ससे मारणारा एक माणूस पलीकडच्या खोऱ्यातून आला आणि घेऊन गेला. मला त्यांना फिरवून आणणं होत नाही, आणि बांधून ठेवलेलं कुत्रं बघवत नाही. डॉयलचे कोट चर्चला दिले. जॅमच्या रिकाम्या बरण्या शेजारच्या डॉटीला दिल्या. एकट्या बाईला किती जॅम लागणार?

नोला आली तेव्हा कुत्र्यांची जागा रिकामी बघून तिथेच उभी राहिली.

"कुत्रीपण दिलीस?"

"हो."

"आणखी काय काय दिलंस?"

"नाताळपर्यंत सगळं आटपायचं आहे मला," मी म्हटलं. "कोणाच्या मागे पसारा राहू नये."

ती आत गेली आणि माझी भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छ होती.

कुत्री गेल्यावर लक्षात आलं की आता कोणी आलं तर कळणार कसं? तसं आमच्या खोऱ्यात कोणी हाळी न घालता दुसऱ्याच्या पायरीवर पाय ठेवत नाही. फाटकातूनच ओरडायचं, आतून "या" आलं की मग पुढे यायचं. पण चोर हाळी घालत नाही. एकदा आलेला पुन्हा येतो म्हणतात. आता त्याला ठाऊक आहे की मी एकटी आहे. घरात काय आहे ते त्याने पाहिलंय, आणि घरात काय उरलं नाही तेही.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

रॉयसच्या दुकानात गेले. एका बाजूला मासेमारीचे गळ आणि खिळे, दुसऱ्या बाजूला बंदुका. रॉयस डॉयलच्या वर्गातला. मला पाहून काउंटरच्या बाहेर आला आणि माझा हात बराच वेळ धरून उभा राहिला.

मी म्हटलं, घरासाठी एक पिस्तूल दाखव, स्वस्तातलं. काचेखाली एक होतं, त्यावर बोट ठेवलं.

"हे? मिस वेल्डा, हा खेळण्यातला पत्रा आहे. चोराच्या डोक्यावर नेम धरून भिरकावलंत तर लागेल कदाचित. चाप ओढून काही व्हायचं नाही."

"मग चांगलं दाखव."

"चांगलं संपलंय."

त्याच्या मागे अख्खी भिंत भरलेली होती. "मग ते काय लटकवलंयस?" मी विचारलं, "सॉसेज?"

तो हसला, पण खरं हसू नव्हतं. "ती हरणांची. तुम्हाला खांद्याला धक्का बसेल. माल मागवलाय. पुढच्या आठवड्यात या. येताना नोलाला घेऊन या."

गाडीत बसल्यावर मला राग आला. स्वस्तातलं वाईट सांगायचं म्हणजे बाई महागाचं घेईल, हे दुकानदाराचं जुनं तंत्र. पण मग महागाचं होतं तेही दाखवलं नाही. हे मला समजलं नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

वाचनालयाच्या गाडीतून बंदुकांवरची दोन पुस्तकं आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला. गाडीवरची मुलगी म्हणाली, "मिस वेल्डा, आज कादंबरी नको?" म्हटलं, आज नको.

तीन दिवस वाचते आहे. एक जण लिहितो, हलक्या धातूचं पिस्तूल हवं तेव्हा हमखास अडकतं, जिवाच्या गोष्टीत काटकसर करू नये. दुसरा लिहितो, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचेही जीव असतात आणि काही नसण्यापेक्षा स्वस्त बरं. मला दुसरा पटला, पण लिहिण्याची पद्धत पहिल्याची चांगली आहे. तिसरा म्हणतो, किंमत सोडा, आधी ओळख. दारात कोण आहे हे कळायच्या आत ज्याचा हात चालतो त्याने महागाचं घेऊन उपयोग नाही. हे पान मी दुमडलं नाही. एवढं कोणाला कळत नाही?

शेवटी ठरवलं, एकनळी छऱ्याची बंदूक घ्यायची. सांध्यात मोडून उघडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची, संपलं. अडकायला आत काही नाहीच. या डोंगरात गरिबांच्या दारामागे हीच असायची. माझ्या वडिलांकडेही हीच होती.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

पुन्हा रॉयसकडे गेले. एकनळी मागितली. ती भिंतीवर होती, मी बघून ठेवली होती, त्यामुळे संपली म्हणायची सोय नव्हती.

"तिच्यात एकच बार असतो, मिस वेल्डा," तो म्हणाला. "घरात कोणी शिरलं तर एक पुरत नाही."

"एकच लागतो."

रॉयसचा चेहरा एकदम उतरला. महागाची खपली नाही म्हणून असेल. मला म्हणायचं होतं की डॉयल सांगायचा, चोर पहिल्या आवाजालाच पळतो. पण मी ते सांगत बसले नाही. मला हल्ली वाक्यं पुरी करायचा कंटाळा येतो.

"डबाभर काडतुसं नकोत," मी म्हटलं. "दोन-चार सुटी दे."

त्याने बंदूक भिंतीवर परत लावली. "आज कागदपत्रांचं मशीन बंद आहे. नोलाला घेऊन या, मी दोघींना कॉफी करतो, मग बघू."

"रॉयस, बंदूक घ्यायला मला नणंदेची परवानगी लागते?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही तिला घेऊन या." आणि काउंटरवरचा फोन जवळ ओढला. मी बाहेर पडत होते तेव्हा तो नंबर फिरवत होता.

शनिवार, १ नोव्हेंबर

मिळालं. पण रॉयसकडे नाही. मोठ्या रस्त्यालगतच्या मैदानात शनिवारचा जुना बाजार भरतो. एका माणसाने टेबलावर सुऱ्या, करवती आणि तीन पिस्तुलं मांडली होती. आमच्या जिल्ह्यातला नव्हता. मला ओळखत नव्हता, म्हणून सहानुभूतीही नव्हती, बरं वाटलं.

"घरासाठी चालेल का?" विचारलं.

"आजी, घर केवढं आहे?"

"चार खोल्या."

"मग पुरेल. महाल असता तर मोठं दिलं असतं."

राखाडी रंगाचं आहे. हातात घेतलं की नळाच्या तोटीसारखं लागतं. सोबत अर्धा डबा गोळ्या दिल्या. विकणारा कागद मागत नाही, बाई उत्तर देत नाही, पाच मिनिटांत काम झालं.

जोएटाचा फोन आला. मुलगी ओहायोत असते, रविवारी फोन करते, पण आज शनिवारीच केला. मी तिला पिस्तुलाचं सांगितलं. ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं फोन कटला.

"आई, मी येऊ का?"

"अगं, कामावरून कशाला सुटी काढतेस? मी आता सुरक्षित आहे."

सोमवार, ३ नोव्हेंबर

खळ्यामागे फळी उभी करून पिस्तूल चालवून पाहिलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्याला रिकामं टरफल दारात बोट सापडावं तसं अडकून बसलं. काढलं, पुन्हा चालवलं. पाचव्याला पुन्हा अडकलं. साफ केलं, तेल घातलं. पुन्हा तेच.

म्हणजे रॉयस खोटं बोलला नव्हता. पण पहिल्या दोन गोळ्या जातात. चार खोल्यांच्या घरात दोन पुरतात का, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

नेम माझा अजून बरा आहे. डॉयलनेच शिकवला होता, लग्नाआधी, टोमॅटोच्या डब्यांवर.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नोला रोज येते. कधी साखर हवी असते, कधी लॉयडची गोळी इथे राहिली का बघायचं असतं. लॉयडने माझ्याकडे आयुष्यात गोळी घेतलेली नाही. आज बाथरूममध्ये गेली आणि औषधांच्या कपाटाचं दार वाजलं. मग माझ्या झोपायच्या खोलीतली फळी करकरली.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"काही नाही. तुझी गोधडी बघत होते."

"चाळीस वर्षं बघतेयस ती गोधडी."

"चल, थोडे दिवस आमच्याकडे राहायला चल."

"आणि घर मोकळं सोडू? एकदा लॉयडच्या भरवशावर सोडलं ना, काय झालं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बोलायला नको होतं, पण बोलले. पिस्तूल मी तिला दाखवलं नाही. ते पुढच्या खोलीत बैठ्या कपाटाच्या खणात, टेबलक्लॉथच्या खाली आहे. दाखवलं असतं तर तिने डोकं खाल्लं असतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी पिस्तूल पुसायला काढलं. पुसून झालं. गोळ्या भरल्या. मग ते मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. डॉयलच्या खुर्चीत. कशाचाच विचार करत नव्हते. भानावर आले तेव्हा शेगडीतला विस्तव विझला होता आणि हात गार पडले होते. वाटाण्याचं सूप भांड्याला लागून करपलं होतं आणि त्याचा वासही मला आला नव्हता.

पिस्तूल परत ठेवलं. भांडं भिजत घातलं. चोरांच्या भीतीने माणसाचं असं होत असावं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आता खात्री झाली. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली माती तुडवलेली आहे आणि पानांवर तंबाखू थुंकलेला आहे. ताजा. काल नव्हता. म्हणजे तो सकाळी येतो, उजाडताना, खिडकीतून मला बघतो आणि जातो.

बॅरेटला फोन केला. तो म्हणाला, "मिस वेल्डा, अर्धा जिल्हा तंबाखू चघळतो. लॉयडपण चघळतो."

"लॉयडला माझ्या खिडकीखाली काय काम?"

"नाही, मी आपलं उदाहरण दिलं." मग म्हणाला, "तुमच्याकडे आता काही हत्यार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. पोलिसांशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

पिस्तूल उशाशी आणलं. आता खोलीतून खोलीत जाताना बरोबर नेते. स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्यावर, बाथरूममध्ये टबाच्या कडेला. वारा आला तरी हात तिकडे जातो. शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतोय. सगळे पुरुष जंगलात असतील, बार चहूकडे वाजत असतील. त्या दिवशी कोणी माझ्या घरात बार काढला तरी कोणाला कळायचं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

मोसमाच्या पहिल्या दिवशी चर्चमध्ये शिकाऱ्यांसाठी जेवण असतं. मी नोलाला सांगितलं होतं की डॉटीच्या गाडीतून मदतीला जाते. सकाळी डॉटी आली, पण मला जावेना. फाटकातूनच तिला सांगितलं, डोकं दुखतंय, तू जा. आणि परत येऊन कपडे न बदलता पलंगावर पडले.

डोंगरात बार वाजत होते. एक लांब, दोन जवळ. मग पुढच्या व्हरांड्यात पाय वाजले. हाळी नाही. दार उघडलं. हाळी नाही. पुढच्या खोलीत कोणीतरी चालत होतं, सवयीने, घर माहीत असल्यासारखं. मग बैठ्या कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला.

मी उठले. पिस्तूल हातात होतं. कधी घेतलं आठवत नाही. पायात मोजे होते, त्यामुळे आवाज झाला नाही. पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिले. शिकारीचं नारिंगी जाकीट घातलेला माणूस माझ्याकडे पाठ करून वाकला होता. डोक्यावर नारिंगी टोपी कानापर्यंत ओढलेली. तो टेबलक्लॉथ एकेक करून बाहेर काढत होता आणि घडी न मोडता जमिनीवर ठेवत होता.

मी हाक मारायला हवी होती. "कोण आहे?" एवढंच. तोंड उघडलं तर आवाज आला नाही. दीड महिना मी हाच क्षण मनात पाहत होते आणि त्यात मी कधीच काही बोलत नसे. मनात नेहमी एकच भीती असायची, की हे अडकेल.

अडकलं नाही. चाप ओढला आणि ते चाललं.

तो माणूस कपाटावर आदळला, टोपी पडली, आणि टोपीखाली नोलाचे पांढरे केस होते.

मग नोला म्हणाली, "बाई गं, तू तर चर्चला गेली होतीस."

डावा दंड. रक्त टेबलक्लॉथवर पडत होतं. मी तेच टेबलक्लॉथ फाडून करकचून बांधलं. अँब्युलन्सला आमच्या खोऱ्यात यायला वेळ लागतो, म्हणून तिला डॉयलच्या ट्रकमध्ये घातलं. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळत होती.

"जंगलातल्या वाटेने आले," ती म्हणाली. "म्हणून लॉयडचं जाकीट घातलं. शिकाऱ्यांनी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून." आणि हसायला लागली, मग रडायला लागली.

"खणात काय शोधत होतीस?"

"जे तुझ्या हातात होतं तेच."

मी गाडी चालवत राहिले.

"जोएटाने सांगितलं तू घेतलंयस म्हणून. तू जेवणाला गेलीस की काढून न्यायचं ठरवलं. आधीच्या चार नेल्या तसंच." आणि मग, मी काही विचारायच्या आत, "आमच्या खळ्यावरच्या कोठारात आहेत. लॉयडने तेल लावून, पोत्यात गुंडाळून ठेवल्यात."

"लॉयड झोपला होता ना त्या दिवशी?"

"लॉयडला दुपारी झोप लागतच नाही, वेल्डा. कधीच लागत नाही."

मला वाटलं ट्रक थांबवून खाली उतरावं आणि चालत सुटावं. सगळी भीती, खिडकीखालचा तंबाखू, कुत्री दिल्यावरचे ते दिवस, सगळं फुकट. मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोलाने मान डोलावली आणि म्हणाली, "हो. पण जरा हळू चालव."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नोलाचं हाड चिरलंय, पण हात राहील असं डॉक्टर म्हणतात. तिने बॅरेटला सांगितलं, हाळी न घालता शिरले, चूक माझी. बॅरेटने तसंच लिहून घेतलं. पिस्तूल तो घेऊन गेलाय. नंतर मागितलं तर परत मिळेल म्हणतो.

रॉयस हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये भेटला. टोपी हातात घेऊन उभा होता.

"अडकलं नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"पहिली गोळी बहुतेक जाते," तो खाली बघत म्हणाला. "मला तीच भीती होती."

"तू मला सरळ का नाही सांगितलंस, मी तुला विकणार नाही म्हणून?"

"सरळ सांगितलं की माणूस दुसऱ्या दुकानात जातो, मिस वेल्डा. नुकतंच कोणी गेलंय, माणूस एकटाच आलाय, दोन-चार गोळ्याच मागतोय, तर आम्ही दुकानदार माल संपलाय म्हणतो. घरच्यांना फोन करतो. तेवढ्या वेळात कोणीतरी पोचतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "जुना बाजार माझ्या लक्षात यायला हवा होता."

"तुम्हा सगळ्यांना वाटलं मी सासूबाईंच्या वाटेने जाणार."

तो टोपीची कड बोटांत फिरवू लागला.

"मला चोराची भीती वाटत होती, रॉयस. चोर आलाच नव्हता, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी पिस्तूल घेतलंच नसतं."

"खरं आहे," तो म्हणाला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज सणाचं जेवण नोलाकडे झालं. टर्की मी भाजली, कारण नोलाला एका हाताने होत नाही आणि लॉयडला दोन्ही हातांनी होत नाही. जोएटा ओहायोहून काल आली. ती भोपळ्याची गोड पाई घेऊन आली, विकतची, आणि नोलाने ती चाखून म्हटलं, "या पाईवर गोळी झाडायला हवी होती." लॉयडच्या हातातला काटा पडला. मग जोएटा हसली आणि आम्ही सगळेच हसलो, लॉयड सोडून.

जेवणानंतर लॉयड माझ्याजवळ आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "खिडकीखाली मी यायचो. तू उठलीस का एवढंच बघायला. तुला हलताना पाहिलं की परत यायचो."

"तंबाखू तरी घरी थुंकायचास."

"हो," तो म्हणाला. "चुकलं." मग खळ्याकडे मान करून, "त्या चार तुझ्याच आहेत. म्हणशील तेव्हा आणून देतो."

मी बाह्या वर सारल्या. नोलाचे केस धुवायचे होते, आठवडाभर धुतले नव्हते. बेसिनवर तिला वाकवून मी पाणी घातलं. कानामागे अजून थोडं सुकलेलं रक्त होतं.

वाकलेल्या अवस्थेतच तिने विचारलं, "वेल्डा, खरं सांग. तू करणार होतीस का?"

"नाही" तोंडावर आलं होतं. बॅरेटला दिलं तसं सहज आलं असतं. पण त्या गुरुवारची दुपार आठवली, मांडीवरचं ते ओझं आणि करपलेलं सूप. मी चोराची वाट बघत बसले होते असं इथे लिहिलंय. पण त्या दिवशी मी दाराकडे बघतसुद्धा नव्हते.

"मला माहीत नाही, नोला."

केसांतून पाणी गळत होतं. मी टॉवेल गुंडाळला, तिला सरळ केलं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं कोणी डॉयल गेल्यापासून पाहिलं नव्हतं. कीव नव्हती त्यात. थकलेली होती ती फक्त.

"बरं," ती म्हणाली. "मग घरी जायचं नाही."

"मी जोएटाबरोबर जाते ना."

"जोएटा रविवारी जाईल. तू जायचं नाही." मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "लॉयड! तुझी उशी घे आणि सोफ्यावर जा."

"आज?" लॉयडने तिकडून विचारलं.

"आजपासून."

त्याने झोपायच्या खोलीतून उशी काखेत घेतली आणि बाहेर गेला. मला पलंगाशी नेऊन नोलाने उजव्या हाताने पांघरूण मागे सारलं आणि भिंतीकडे सरकून जागा केली. "डाव्या बाजूला मी," ती म्हणाली. "हात दुखतो. आणि लाथा मारू नकोस, डॉयल सांगायचा तू मारतेस."

आता चारच वाजलेत, उजेड आहे. ती झोपली आहे आणि घोरते आहे, अगदी तिच्या भावासारखी. मी कडेला बसून हे लिहिते आहे. लिहून झालं की मीही आडवी होईन.